पावतीपुस्तक, खळ आणि खडू

वर्गणी मागायला निघायचं ते पगार झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, हा आमच्या चाळीतला अलिखित नियम. आता पगार कुणाचा, हा प्रश्न होताच. कुर्ल्यात स्वदेशी मिलवाल्यांचा पगार एका तारखेला, प्रीमियर मोटारवाल्यांचा दुसऱ्या, कारशेडमधल्या रेल्वेवाल्यांचा तिसऱ्या आणि म्युनिसिपालटीवाल्यांचा त्यांच्या मर्जीने. म्हणून एकाच महिन्यात आमच्या फेऱ्या दोन-तीन तरी व्हायच्या. पुढे पावतीपुस्तक घेतलेला एक, मागे चिल्लर धरायला डालडाचा डबा घेतलेला दुसरा आणि उगाच बरोबर आलेली पाच-सहा पोरं. "आत्ताच तर गणपतीची दिली ना रे?" म्हणून दार लोटणारे असायचे. "वाचनालयाची आहे काका, आणि रात्रीच्या वर्गाची," म्हटलं की दार पुन्हा अर्धं उघडायचं. चार आणे, आठ आणे, फार तर रुपया. "बाकीचे पुढच्या महिन्यात" म्हणणारेही होते, आणि नवल म्हणजे त्यातले बरेच जण पुढच्या महिन्यात खरंच द्यायचे.

वाचनालय म्हणजे जिन्याखालच्या खोलीतली दोन कपाटं, एक टेबल आणि एक बाक. संध्याकाळी सहा ते आठ पुस्तकांची देवघेव. आठला बाक भिंतीला लावून सतरंजी अंथरली की तिथेच प्रौढांचा वर्ग. कॉलेजात जाणारी आम्ही पोरं-पोरी आळीपाळीने दोन्ही सांभाळायचो. मानधन वगैरे शब्द आमच्या कानावरून गेला नव्हता. चहा मिळायचा, तोही समोरच्या काकूंच्या मनात असेल तर.

तिथे काहीही टाकून द्यायची पद्धत नव्हती. 'अजून चालेल' हे आमच्या वाचनालयाचं ब्रीदवाक्य म्हणायला हरकत नाही. पाटीची चौकट निखळली, सुतळी बांधा, अजून चालेल. खडूचं टोक उरलं, जुन्या पेनाच्या टोपणात खोचा, अजून चालेल. कादंबरीची शेवटची पानं गेली, ज्यांनी वाचलीय ते शेवट सांगतील, अजून चालेल. महिन्यातून एकदा शिवणटिपण असायचं. मैद्याची खळ शिजवायची, तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचं म्हणजे कसर लागत नाही. मग दाभणाने भोकं पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने फाटकी पुस्तकं शिवायची, पाठीला जुन्या चादरीची पट्टी चिकटवायची आणि वरून कुणाच्या तरी घरचा पाटा ठेवायचा. सोमवारी त्या घरी चटणी मिळत नसे, कारण पाटा अजून वाचनालयात.

दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी. ते अंक होळीपर्यंत आळीभर फिरायचे, उरलेले सांगाडे रद्दीत. रद्दी हे आमचं दुसरं मोठं उत्पन्न. घराघरातून वर्तमानपत्रं गोळा करायची, रद्दीवाल्याच्या काट्यावर डोळा ठेवायला एक खमक्या मावशी बरोबर न्यायच्या आणि येणाऱ्या पैशांतून पाट्या-पेन्सिली आणायच्या. पण रद्दी विकण्याआधी वर्गाचा हक्क तिच्यावर पहिला. मोठ्या मथळ्यांमधली अक्षरं कात्रीने कापायची, साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवायची आणि त्यांचे तक्ते करायचे. मंत्री कोसळला की आम्हाला मोठा 'म' मिळायचा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मंत्रिमंडळं इतकी पडली की 'म'चा तुटवडा कधी जाणवला नाही.

रात्रीच्या वर्गाची ही रीत आम्ही लावलेली नव्हे. शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात काढली होती. १९३७ साली बाळासाहेब खेरांचं सरकार आलं तेव्हा मुंबईत प्रौढ शिक्षणाने जोर धरला. १९३९ साली त्यासाठी नेमलेली समिती पुढे मुंबई शहर समाजशिक्षण समिती झाली आणि कामगारांच्या वस्त्यांमधून तिचे वर्ग चालले. साताऱ्याकडे १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम निघाली. पूर्ण गाव साक्षर झालं की ग्रामगौरवाचा सोहळा व्हायचा. आमच्या चाळीतल्या साताऱ्याच्या आजी तो सोहळा पाहून आल्या होत्या. मोहिमेत शिकलेली अक्षरं मुंबईत येऊन विसरल्या, म्हणून पुन्हा आमच्या सतरंजीवर. "गावाचं नाव घालवू नका, शिकवा लवकर," म्हणायच्या. मग २ ऑक्टोबर १९७८ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. सरकारी केंद्र चालवणाऱ्याला महिन्याला ५० रुपये मिळतात हे कळल्यावर आमच्यातल्या दोघांच्या सेवाभावाला जरा धक्का बसला होता, पण टिकून राहिले.

१९५१च्या खानेसुमारीत देशातल्या शंभरातल्या अवघ्या अठरांना लिहिता-वाचता येत होतं. उरलेल्या ब्याऐंशींमध्ये आमच्या आज्या, मावश्या, मिलमधले मामा, सगळे आले. आकडा पुस्तकात वाचला तर लांबचा वाटतो. आमच्याकडे तो रोज रात्री आठला चपला बाहेर काढून आत येऊन बसायचा.

आणि बसायचा तो अंधारातच म्हणा ना. ३ फेब्रुवारी १९२५ला देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत धावली, हे आम्ही पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचो. त्याच कुर्ल्यात आमच्या वर्गावर चाळीसचा एक दिवा, आणि तोही फ्यूज गेला की वर्गणी जमेपर्यंत कंदील.

शिकायला येणाऱ्यांना काय हवं असायचं, ते पुस्तकात कधीच नसायचं. 'कमल नमन कर'मध्ये त्यांना रस नव्हता. मिलमधल्या मामांना पगाराच्या चिठ्ठीवर कापलेली रक्कम कशाची ते वाचायचं होतं. एका वहिनींना बेस्टच्या बसच्या कपाळावरचा मराठी आकडा ओळखायचा होता, कारण कंडक्टरला विचारलं की मागचे लोक हसतात. कसाईवाड्याकडून एक भाभी यायच्या. त्यांना कुराण वाचता यायचं, तरी कागदोपत्री त्या निरक्षरच. त्यांनी पहिल्या दिवशी वही शेवटच्या पानापासून उघडली आणि 'अ' उजव्या कडेला लिहून डावीकडे सरकल्या. आम्ही वही उलटी करून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी दोन्ही बाजूंनी लिहायचं ठरलं. मधल्या पानावर मराठी आणि उर्दू समोरासमोर आल्या तेव्हा ती वही संपली.

सगळ्यांना एक गोष्ट मात्र हवीच असायची. सही. रेशनिंगच्या दुकानात, पोस्टात मनीऑर्डर घेताना, गिरणीच्या खिडकीवर अंगठा उठवला की निळी शाई केसांना पुसायची, ही त्या पिढीची सवय. साताऱ्याच्या आजींचे पांढरे केस कानामागे कायम निळसर असत. सही यायला लागली तरी त्या लिहून झाल्यावर हात आपसूक केसांकडे न्यायच्या. कॉलेजच्या पोरांना त्या "गुरुजी" म्हणायच्या आणि त्याच दमात, "गुरुजी, जेवलास का नाही? तोंड बघ कसं सुकलंय."

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमचं गणित कोसळलं. स्वदेशीवाल्यांच्या दारात वर्गणी मागायला पाय रेटेना. त्या वर्षी डालडाचा डबा तांदूळ-ज्वारीसाठी फिरला. पुस्तकं नवी आली नाहीत. अर्धा वर्ग गावाला निघून गेला, तिथून कुणी-कुणी पोस्टकार्ड पाठवायचं. शाई फुटलेली, ओळी चढत-उतरत गेलेली. ती कार्डं आम्ही वाचनालयाच्या कपाटाच्या दाराला टाचणीने लावून ठेवली होती.

संप निवळल्यावर चॅरिटी शो करायचं ठरलं. नाटक कंपनीला ठरलेले पैसे द्यायचे, दादरच्या शिवाजी मंदिराचं भाडं भरायचं, देणगी प्रवेशिका छापायच्या, विकायच्या, उरेल ते आपलं. ऐकायला सोपं. प्रवेशिका खपवताना कुर्ल्याच्या बाजारातले सगळे दुकानदार आम्हाला लांबून ओळखायला लागले, आणि काही जण मागच्या दाराने जायला लागले. स्मरणिकेसाठी जाहिराती मिळवल्या: पिठाची गिरणी, शिंपी, भांड्यांचं दुकान, एक दाताचे डॉक्टर. नाटक विनोदी होतं. वर्गातल्या बायका पहिल्यांदाच नाट्यगृहात आलेल्या. तिकिटावरचा रांगेचा नंबर स्वतः वाचून, कुणालाही न विचारता त्या आपापल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. आत्तापर्यंतची वर्गणी तिथेच वसूल झाली असं आम्ही समजलो.

पण खरी वसुली पुढे होती. हिशोब आमच्या रीतीप्रमाणे मोठ्या कागदावर लिहून वाचनालयाच्या दारावर लावला. जमा, खर्च, शिल्लक. आजवर असे कागद लागायचे, पिवळे व्हायचे, निघायचे. कुणी वाचायचं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी वाचावेत म्हणून ते लावलेलेही नसत. या वेळी दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आधीच दाराशी गर्दी. आजी चष्मा नाकावर ओढून बोट फिरवत वाचताहेत, भाभी त्यांच्या खांद्यावरून डोकावताहेत.

"गुरुजी, इकडं या. ही शेवटची ओळ. कि-र-को-ळ ख-र्च. त्र्याहत्तर रुपये. किरकोळ म्हणजे काय काय?"

खजिनदार काही बोलेचनात. आमच्यातला एक म्हणाला, "आजी, किरकोळ म्हणजे असाच बारीकसारीक."

"बारीकसारीक त्र्याहत्तर?" मिलमधल्या मामांनी विचारलं. पगाराच्या चिठ्ठीवरच्या कपातीला ते अलीकडे असंच धरत असत.

पुढच्या वर्षीपासून आमच्या हिशोबात 'किरकोळ' हे सदर राहिलं नाही. चहा, सुतळी, टाचण्या, मोरचूद, दिव्याचा बल्ब, टॅक्सी (एकदाच, प्रवेशिकांचं खोकं जड होतं म्हणून), खडू, आणि रद्दीवाल्याकडे गेलेल्या मावशींना एक उसाचा रस.