भावजयीचं लग्न आणि पुतण्यांची पेन्शन

माझा धाकटा भाऊ भिवंडीजवळच्या काल्हेरमध्ये एका गोदामात सुपरवायझर होता. २०१९ च्या पावसाळ्यात हार्ट अटॅकने गेला. पस्तिशीसुद्धा गाठली नव्हती. मागे बायको, पाच वर्षांची मुलगी आणि अंगावर पिणारा मुलगा.

त्यातल्या त्यात एक बरं होतं. ठेकेदार त्याचा पीएफ नियमित भरत होता. भिवंडीत हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. २० पेक्षा कमी कामगार असतील तिथे पीएफचा कायदा आपोआप लागू होत नाही. आमच्या कामतघर-पद्मानगर भागात मागावर जन्म काढलेल्या कितीतरी माणसांच्या घरी पीएफचा एक कागद सापडायचा नाही. कागद असेल तर मात्र नियम चांगला आहे. नोकरीत असताना माणूस गेला आणि पेन्शन योजनेत एका महिन्याची वर्गणी जरी भरलेली असली, तरी कुटुंबाला पेन्शन मिळते. भावजयीला विधवा पेन्शन सुरू झाली. दोन्ही मुलांना तिच्या पेन्शनच्या प्रत्येकी २५ टक्के मिळू लागले. रक्कम मोठी नव्हती, पण मुलीच्या शाळेची रिक्षा आणि घरचं दूध त्यात भागायचं.

२०२३ मध्ये तिच्या माहेरच्यांनी कल्याणचं एक स्थळ आणलं. माणूस शांत, मुलांसकट करून घ्यायला तयार. आमच्या घरात सगळ्यात आधी हो म्हणाली ती माझी आई. "पोरीचं वय काय आहे? आपण किती दिवस पुरणार तिला?" एवढंच ती बोलली.

पण नातेवाईक जमले आणि पेन्शनचा विषय निघाला. लग्न केलंस की पेन्शन बंद, असं प्रत्येक जण सांगायला लागला. एकाने तर वाट काढून दिली: देवळात हार घाला, नोंदणी करू नका, हयातीच्या दाखल्यात लग्न झालं नाही असंच सांगत राहा. हयातीचा हा दाखला, म्हणजे जीवन प्रमाण, वर्षातून एकदा द्यावा लागतो आणि त्यात पुनर्विवाह झाला आहे का, हा प्रश्न असतोच. भावजय मला म्हणाली, "दादा, दरवर्षी खोटं सांगून बोट टेकवायचं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. लग्न राहू दे." तिने जवळजवळ नकार कळवलाच होता. शिवाय ते खोटं पुढे उघडकीस आलं असतं तर जास्तीची उचललेली रक्कम वसूल झाली असती, ती वेगळीच.

मी म्हटलं, आधी नीट विचारून तरी येऊ. पीएफवाले दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' नावाचं शिबिर जिल्ह्याजिल्ह्यात घेतात. सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. तिथे पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, घेऊन गेलो. टेबलावरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याच झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर किमान पेन्शन धरून आकडे मांडले. वरच्या ओळीत आईचे १,०००, मुलांचे २५० आणि २५०. बेरीज १,५००. खालच्या ओळीत ७५० आणि ७५०. बेरीज पुन्हा १,५००.

म्हणजे असं. विधवेने लग्न केलं की तिची स्वतःची पेन्शन थांबते. पण त्या तारखेपासून मुलांची पेन्शन अनाथ पेन्शन होते आणि २५ टक्क्यांची ७५ टक्के होते, प्रत्येकी. एका वेळी जास्तीत जास्त दोन मुलांना, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. आईचा वाटा मुलांच्या नावावर जातो, कुठे बुडत नाही. आमच्या घरातले नोकरदार, शिकलेले लोकही हे जाणत नव्हते.

तोटा अजिबात होत नाही असंही नाही. मूल एकच असेल तर महिन्याची रक्कम कमी होते. शिवाय आईला आयुष्यभर मिळाली असती ती पेन्शन मुलं २५ वर्षांची झाली की संपते. हे आम्ही तिला स्पष्ट सांगितलं. पण हजार-दीड हजारासाठी तिशीतल्या बाईने एकटीने आयुष्य काढावं, हे मला कधीच पटलं नसतं. पीएफची आणि विम्याची जी एकरकमी रक्कम आधी मिळाली होती, तिला लग्नाने धक्का लागत नाही.

लग्न आमच्याच दारात झालं. महापालिकेत नोंदणी केली. त्यानंतर खरा घोळ झाला. एका सायबर कॅफेवाल्याने पेन्शनचा अर्ज भरण्याआधीच तिच्या आधारवरचं नाव बदलून दिलं. पीपीओवर जुनं आडनाव, आधारवर नवं, बँकेच्या पासबुकात पुन्हा जुनं. अर्ज परत आला. विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडल्यावर गाडी पुढे सरकली. तेव्हा आधी पेन्शनचा १०-डी अर्ज, नंतर नावबदल, हा क्रम सोडू नका.

दुसरी अडचण लहान्याची. त्याचं आधार तो तान्हा असताना काढलेलं, त्यात बोटांचे ठसे नव्हते. पाच वर्षं पूर्ण झाली की ठसे द्यावे लागतात, ते राहून गेले होते. मुलांच्याही नावाने दरवर्षी हयातीचा दाखला लागतो, म्हणून हे काम आधी उरकून घ्या. तिसरं म्हणजे सही. तिच्या नवऱ्याने हौसेने पालक म्हणून सही केली होती. चांगल्या मनानेच केली, पण कायद्यात सावत्र वडील नैसर्गिक पालक धरत नाहीत. आईने दुसरं लग्न केलं तरी मुलांची पालक तीच राहते. फॉर्म नव्याने भरून तिची सही घेतली. मुलांची खाती तिच्याबरोबर उघडली.

मधले काही महिने काहीच जमा झालं नाही. तेव्हा नातेवाइकांचं बोलणं पुन्हा सुरू झालं आणि मलाही रात्री झोप लागेना. मग लग्नाच्या तारखेपासूनची रक्कम एकदम आली.

मुलं आता कल्याणच्या शाळेत जातात. लहाना तिच्या नवऱ्याला पप्पा म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला जड गेलं, हे खरं आहे. आई मात्र म्हणाली, "हाक मारायला माणूस मिळालं पोराला."

तुमच्या घरात किंवा शेजारी अशी एखादी लेक-सून पेन्शनच्या भीतीने अडली असेल, तर तिचा पीपीओ, मुलांचे जन्मदाखले आणि आधार घेऊन येत्या २७ तारखेला शिबिरात जा. सोबत कोणी नसेल तर मला निरोप द्या, मी येईन.