ठेव

आमच्या महाविद्यालयात कुणाच्या घरी मृत्यू झाला की शोकप्रस्तावाचा मसुदा मराठी विभागाकडे येतो. ‘कष्टाळू’, ‘मनमिळाऊ’, ‘कुटुंबवत्सल’ ही विशेषणे मी इतक्या वेळा वापरली आहेत की ती लिहिताना आता हात थांबतही नाही. २०२१ साली माझे आजोबा गेले. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. गावकऱ्यांनी श्रद्धांजलीच्या फलकासाठी दोन ओळी मागितल्या, तेव्हा मी तीच विशेषणे लिहून दिली. त्यांतले एकही खोटे नव्हते. आबा मात्र त्यांत कुठेच नव्हते.

आमचे गाव आष्टी तालुक्यात. जिल्हा बीड, पण सगळा ओढा नगरकडे (आता अहिल्यानगर). आबांचे बालपण निजामाच्या राजवटीत गेले. १९४८ च्या पोलिस कारवाईच्या वेळी ते पंधरा-सोळा वर्षांचे होते. दुरुस्तीला ते अखेरपर्यंत ‘मरम्मत’ म्हणत. पाण्याच्या इंजिनाचे वायसर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमधून कापणे, बाजेचे सुंभ नव्याने विणणे, छत्रीच्या काडीचा सुया म्हणून उपयोग करणे, हे सगळे त्यांच्या हाताला सहज होते. आईचे म्हणणे असे, की आबांनी मरम्मत केलेली वस्तू पुढे दुसऱ्या कुणालाच दुरुस्त करता येत नसे. त्यात तथ्य होते.

पण आम्ही कुणबी. या हाताला लाकडाचे वळण लागले कसे, हा प्रश्न मला कधी पडला नाही. एम.ए.ला असताना मी त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) अभ्यासला, बलुतेदारीवर परीक्षेत चार पाने लिहिली. त्याच सुट्टीत एका रात्री आबांनी हाक मारली होती, “जरा कंदील धर रे इकडं.” ते वखराची दिंड तासत होते. मी वाचत होतो, म्हणून धाकट्या भावाला पाठवले. ज्या पुस्तकातून मी बलुत्याचे टिपण काढत होतो ते ‘गावगाडा’च होते, हे सांगताना आजही संकोच वाटतो.

हकीकत मला पुढे वडिलांकडून कळली. बहात्तरपर्यंत आबांनी शेतीच्या लाकडी अवजाराला कधी वाकस लावली नव्हती. येत नव्हते असे नाही. ते काम सुताराचे होते. सुगीला खळ्यावर त्याचे बलुते मोजून द्यायचे आणि वर्षभर तिफण, वखर, जू त्याच्याकडून करून घ्यायचे. स्वतः हात घालणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे, असे आबा मानत. आज आपण बलुतेदारीकडे जातीची उतरंड म्हणून पाहतो आणि ते बरोबरच आहे. आबांच्या या संयमातही ती उतरंड होतीच. तरी तो संयम निव्वळ रूढीचा होता, असे मला म्हणवत नाही.

१९७२ च्या दुष्काळात खळीच झाली नाहीत. पीक नाही तर बलुते कशाचे? सगळे गाव खडी फोडायला गेले. पोरे सुकडी खात, घरोघरी मिलोच्या तांबड्या भाकरी. खडीच्या ढिगावर कुणबी आणि सुतार शेजारी बसले, दोघांना मजुरी सारखीच. मग सुताराने कुटुंबासह पुण्याची वाट धरली. निघताना हत्यारांची पेटी आबांच्या ओसरीवर ठेवली आणि म्हणाला, पाऊस झाला की येतो.

१९७३ ला पाऊस चांगला झाला. सुतार आला नाही. रब्बीची पेरणी तोंडावर आली, आणि तिफण मोडलेली. आबांनी पेटी उघडली. बाभळीचे लाकूड घेऊन त्यांनी नवे चाडे कोरले, पण तिसरे भोक सामत्याने पाडताना तिरपे गेले. त्या नळ्यातून बी कमी पडले. ज्वारी उगवली तेव्हा रानभर दर तिसरी ओळ विरळ! चार महिने त्यांची चूक रानात उभी होती आणि येणारा-जाणारा ती पाहत होता. वडील सांगतात, त्या चार महिन्यांत आबा रोज बांधावर जाऊन त्या ओळी मोजत. पुढच्या वर्षीच्या तिफणीने सरळ पेरले.

पेटीला मात्र त्यांनी कधी ‘माझी’ म्हटले नाही. “त्याची ठेव हाय ती. आला की द्यायची.” दोनदा त्यांनी पुण्याला निरोप पाठवला, उत्तर आले नाही. हत्यारांना दर दिवाळीला तेल लागे. मूठ झिजली की नवी बसे.

आबा गेल्यावर पेटी माझ्या वाट्याला आली. करवत, रंधा, किकरी ओळखता आली. एक वस्तू ओळखेना: लाकडाचा ठोकळा, त्यातून आरपार सरकणारी चौकोनी दांडी, दांडीच्या टोकाशी खिळ्याचे अणकुचीदार टोक. बोलीभाषेचा तास घेणारा मी; मला त्या वस्तूचे नाव माहीत नव्हते. घरातही कुणाला नव्हते.

गेल्या वर्षी सुताराच्या मुलाचा पत्ता लागला. तेही आता सत्तरीला टेकले आहेत. मी पेटीतल्या प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढून पाठवले. संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

“अरे, ती खतावणी. लाकडावर कडेला समांतर रेघ ओढायची.”

मला खतावणी म्हटले की व्यापाऱ्याची वही आठवत होती. मी तसे म्हणालो, पण त्यांचे लक्ष नव्हते. ते वाकशीचे छायाचित्र पाहत असावेत.

“हा दांडा आमच्या म्हाताऱ्याचा नव्हे. कुणी बसवला?”

मी म्हणालो, “आबांनी. चार-पाच वेळा तरी बदलला असेल.”

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, “कुणाबरोबर पाठवू नको. मी येतो.”