खिडकीआडचें गाणें

परदेशीं राहणाऱ्या माणसाला आपल्या घराची ओळख कधीं आणि कोठें पटेल याचा नेम नसतो. मला ती पटली इंग्लंडांत, थेम्सच्या कांठीं, पावसानें झालेल्या चिखलांत उभ्या उभ्या.

नोकरीनिमित्त आम्ही उभयतां आणि आमचा सहा वर्षांचा मुलगा तेव्हां रेडिंग गांवीं राहत होतों. तेथें 1990 पासून 2006 पर्यंत दर उन्हाळ्यांत ‘वोमॅड’ हा जागतिक संगीताचा महोत्सव भरत असे. पीटर गॅब्रिएल या गायकानें आपल्या सहकाऱ्यांसह 1982 सालीं इंग्लंडांतच हा महोत्सव पहिल्यांदा भरविला होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका वर्षीं शेजाऱ्यांच्या आग्रहावरून आम्ही गेलों. तिकिटाचे पैसे मोजतांना सौभाग्यवतीनें कुरकुर केली, ती अगदींच गैरवाजवी नव्हती.

एका तंबूंत आफ्रिकेंतले ढोल घुमत होते. पुढच्या तंबूंत कव्वाल बसले होते. हार्मोनियम, तबला आणि टाळ्यांची साथ. मुख्य गायकानें वरचा सूर लावला आणि माझ्या अंगावर कांटा उभा राहिला. भोंवतालचे इंग्रज तरुण डोळे मिटून डोलत होते. त्यांना शब्द कळत नव्हते. मला पुष्कळसे कळत होते. तरीहि त्या तंबूंत खरा परका मीच होतों. कारण लहानपणीं हें गाणें मीं दर वर्षीं ऐकलें होतें, पण गाणाऱ्याचें तोंड एकदांहि पाहिलें नव्हतें.

आमचें घर भिवंडीच्या ब्राह्मण आळींत. यंत्रमागांची खटखट गांवांत रात्रंदिवस चालूच असे. उरुसाच्या रात्रीं त्या खटखटींतून वाट काढीत कव्वालीचे सूर माडीपर्यंत येत. मग आजी म्हणे, “अरे, ती खिडकी लाव.” अण्णा उठत व लावीत. त्यांत राग नसे, वाद नसे. तिन्हीसांजेला दिवा लावायचा, तशी उरुसाला खिडकी लावायची. पुढें 1970 आणि 1984 सालच्या दंगलींनीं त्या संवयीला भीतीचीहि जोड दिली.

त्या रात्रीं मीं अण्णांना पत्र लिहिलें, आणि गाण्याचे एवढे षोकीन असून तुम्ही खिडकी कां लावीत होतां, असें विचारलें. उत्तर आलें तें असें :

“चिरंजीवास अनेक आशीर्वाद. खिडकी लावीत असें, हें खरें. पण कडी घालीत नसें. तुम्ही सर्व निजल्यावर फटीशीं बसून ऐकत असें. ग्वाल्हेरीस हस्सूखां आणि हद्दूखां हे बडे महंमदखांची तान पडद्याआडून ऐकून शिकले, असें सांगतात. ते महंमदखां कव्वालांच्या परंपरेंतले. पुढें त्याच ग्वाल्हेर घराण्याची विद्या वासुदेवबुवा जोशांकडून घेऊन बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं ती महाराष्ट्रांत रुजविली. तेव्हां आपल्या दिवाणखान्यांत जो ख्याल आपण मानानें गातों, त्यांत त्या गळ्याचाहि अंश आहे. हें मला ठाऊक होतें. पण आईपुढें बोलण्याचें धैर्य झालें नाहीं, आणि ती गेल्यावर संवय मोडली नाहीं. पडद्याआडून ऐकून ते दोघे गवई झाले. मी मात्र नुसता चोरच राहिलों. तूं येशील तेव्हां बरोबर जाऊं.”

रजा मिळेपर्यंत अण्णा राहिले नाहींत.

पुढल्या वर्षीं उरुसाच्या सुमारास आम्ही भिवंडीस होतों. रात्रीं मीं माडीवरची खिडकी उघडली. कडी खरोखरच गंजून गेली होती; ती कित्येक वर्षांत कोणीं घातलेली नसावी. मागांची खटखट आंत आली आणि तिच्यामागोमाग टाळ्या व तो वर चढत जाणारा सूर. मुलगा अंथरुणांत उठून बसला.

“बाबा,” तो आनंदानें म्हणाला, “हें तर रेडिंगचें गाणें!”

मला कांहीं क्षण उत्तर सुचलें नाहीं. सौभाग्यवती माझ्याकडे पाहत होती. मग तीच त्याला म्हणाली, “नाहीं रे राजा, हें आपल्याच गांवचें. ऊठ, चपला घाल.”

आणि आम्ही तिघेंहि जिना उतरलों.