जठर आणि श्वास

आषाढात अजिंक्यताऱ्यावरचे धुके दुपारपर्यंत हटेनासे झाले आणि साताऱ्याच्या जुन्या घरांच्या भिंतींना ओल धरली, म्हणजे माझ्या छातीत घरघर सुरू होते, याचे कोणासही नवल वाटत नाही. परंतु सांगलीच्या कोरड्या, उबदार हवेत, बहिणीच्या घरी, उशिराच्या जेवणानंतर अंथरुणाला पाठ टेकताच आंबट पाणी घशाशी यावे आणि त्यामागोमाग श्वास कोंडावा, याचा उलगडा केवळ हवामानाने होत नाही. गळिताच्या हंगामातील धूर, जळणारे पाचट, हळदपेठेतील भुकटी यांचा उपद्रव मला मान्य आहे. तथापि माझ्या रात्रीच्या दम्याचे मूळ पुष्कळदा जठरात असते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासव्याधीचा उगम पित्तस्थानी सांगितला असून, तमक श्वासाच्या, म्हणजे दम्याच्या, रुग्णास आडवे पडल्याने क्लेश व बसल्याने सुख होते, असेही नोंदविले आहे. इकडे पाश्चात्त्य वैद्यकात विल्यम ऑस्लर यांनी 1892 च्या आपल्या ग्रंथात, भरल्या पोटाने दम्याचा झटका उद्भवतो, असे लिहिले. साताऱ्याच्या आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालयाची आयुर्वेद-परंपरा आणि सांगलीशेजारच्या मिरजेत वॉन्लेस यांनी 1894 साली उभारलेल्या रुग्णालयाची परंपरा, या दोहोंच्या प्रदेशात वावरणाऱ्या मला हे मतैक्य फार मोलाचे वाटते. अन्ननलिका व श्वासनलिका यांना एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात. त्यामुळे आम्लाने अन्ननलिकेचा दाह झाला की श्वासनलिकाही आकुंचन पावू शकते, आणि क्वचित आम्लाचे सूक्ष्म थेंब थेट फुप्फुसात उतरतात. उलटपक्षी, थिओफिलिनसारखे दम्याचे औषध जठराच्या तोंडाची झडप सैल करते. एका खात्याचा हुकूम दुसऱ्या खात्याचे दप्तर विस्कटून टाकतो, तशी ही अवस्था आहे.

जठर सांभाळणे सर्वांत कठीण जाते ते पंगतीत. आमच्या भागात आग्रह हा प्रेमाचा रिवाज असल्यामुळे, झणझणीत रश्शाची दुसरी वाटी नाकारणाऱ्याकडे यजमानीण व्यथित होऊन पाहते. तिच्या मायेला धक्का न लावता दिवेलागणीलाच हलके जेवावे, निजण्यापूर्वी तीन तास काही खाऊ नये आणि खाटेची उशाकडील बाजू विटा लावून उंच करावी, ही तजवीज मी आता सर्वत्र करतो. बहिणीने माझ्यासाठी घरातील जेवणाची वेळच बदलली. या उपकाराची नोंद कोणत्याही औषधचिठ्ठीत व्हायची नाही.

मात्र प्रत्येक दमेकऱ्याने आम्लनाशक गोळ्या घ्याव्यात, असा जठर व श्वास यांच्या या संबंधाचा अर्थ नव्हे. जळजळीची लक्षणे नसलेल्या वा अल्प असलेल्या 412 दमेकऱ्यांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात, आम्ल रोखणाऱ्या औषधाने दम्यास उतार पडला नाही. म्हणून माझ्या समदुःखी वाचकांना कळकळीची विनंती आहे, की छातीच्या डॉक्टरांना पोटाची आणि पोटाच्या डॉक्टरांना छातीची तक्रार न विसरता सांगावी, चालू असलेल्या सर्व औषधांची यादी दोघांनाही दाखवावी, आणि पोट सुधारले म्हणून श्वासाचा फवारा आपल्या मनाने कधीही बंद करू नये.