पॉवर काढलेलं स्टिअरिंग

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे दोघातिघांनी मेल करून चौकशी केली, मावशीने तर थेट फोनच केला, "ब्लॉग बंद केलास का गं?" बंद नाही केला, मावशी. नखांतलं ग्रीस निघत नव्हतं, एवढंच. बाकीचं कारण पुढे येईलच.

नव्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. माझ्याकडे १९९० सालची मॅझ्दा मियाटा आहे. दोन सीटची, छत उघडणारी, वजन जेमतेम हजार किलो. डेट्रॉइटच्या आसपास राहायचं आणि गाड्यांचं वेड लागू द्यायचं नाही, हे मला काही जमलं नाही. या गाडीवर मी उन्हाळ्यात ऑटोक्रॉस करते. म्हणजे एखाद्या अवाढव्य रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये नारिंगी कोन मांडून वळणावळणाचा रस्ता आखतात आणि तो घड्याळ लावून पार करायचा असतो. एका वेळी एकच गाडी सोडतात, त्यामुळे कुणी कुणाला ठोकत नाही. फेरी साधारण मिनिटभराची. कोन पाडलात की दोन सेकंद दंड, रस्ता चुकलात की फेरीच बाद. दिवसभरात अशा चार-पाच फेऱ्या मिळतात आणि उरलेला वेळ उन्हात उभं राहून इतरांनी पाडलेले कोन जागेवर ठेवायचे. नवऱ्याच्या मते कोन उचलण्याचा इतका महागडा कार्यक्रम जगात दुसरा नसेल.

तर गेल्या सीझनला गाडीचं स्टिअरिंग रुसायला लागलं. स्लॅलममध्ये, म्हणजे सरळ रेषेत मांडलेल्या कोनांमधून सापासारखं डावी-उजवीकडे जाताना, तिसऱ्या कोनाला चाक एकदम जड व्हायचं. अर्ध्या सेकंदाने पुन्हा हलकं. तोवर चौथा कोन गाडीखाली! वाकून बघितलं तर रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट तेलाने भरलेले. सील गेले होते.

पॉवर स्टिअरिंग चालतं कसं, ते थोडक्यात सांगते. (ज्यांना नको त्यांनी दोन परिच्छेद गाळावेत. आई, हे तुलाच.) इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो आणि तो तेलाला दाब देतो. आपण चाक वळवलं की पिनियनमधली एक बारीक दांडी किंचित पिळली जाते, त्या पिळाने व्हॉल्व्ह उघडतो, आणि दाबाचं तेल रॅकवरच्या पिस्टनला हव्या त्या बाजूने ढकलतं. जोर तेल लावतं, आपण फक्त इशारा करतो. तेल कमी असेल किंवा पंपाच्या ताकदीपेक्षा आपण झपाट्याने हात फिरवले, तर तेवढ्या क्षणापुरता सगळा भार हातावर येतो.

इलाज तीन होते. दुरुस्त केलेला पॉवर रॅक आणायचा. पैसे जातात आणि पंप तोच राहतो. दुसरा, याच मॉडेलच्या साध्या गाड्यांना कंपनी बिनपॉवरचा रॅक द्यायची, तो शोधायचा. पण त्याचे दाते हाताला सोपं जावं अशा हिशोबाने केलेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला सव्वातीन-साडेतीन फेरे लागतात. पॉवरवाल्याला पावणेतीनच्या आसपास. स्लॅलममध्ये हा फरक फार असतो. आणि तिसरा, जो बरेच मियाटावाले करतात: पॉवरचाच रॅक ठेवायचा आणि त्यातली पॉवर काढून टाकायची. फेरे कमी, चाक जड, पण जे काही असेल ते प्रत्येक वेळी सारखंच. नुसता पट्टा काढून भागत नाही, कारण आतलं तेल पिस्टन मागेपुढे ढकलत बसतो. रॅक उघडून पिस्टनवरची रिंग कापावी लागते. क्लबच्या नियमपुस्तकाप्रमाणे यामुळे मी साध्या वर्गातून बाहेर जाणार होते. पण तिथेही मी शेवटून तिसरीच असते, तेव्हा बिघडलं काय!

हे सगळं ठरलं आणि जूनमध्ये आई-अप्पा आले.

अप्पांबद्दल इथे पूर्वी लिहिलंय. एकतीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आता वय शहात्तर. आम्ही लहान असताना त्यांच्या हाताला जो वास यायचा तोच आता माझ्या गॅरेजला येतो. आणि ते यायच्या आधी आठवडाभर दादाचे रोज फोन. अप्पांनी मारुती ८०० सोसायटीच्या फाटकाला घासली. मग दूधवाल्याच्या सायकलला धक्का लागला. पोराला काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं. हात थरथरतात, गाडी सोडा म्हटलं की चिडतात. "तुझं ऐकतात. तूच सांग."

मी हो म्हटलं. सांगितलं मात्र नाही. तीन आठवडे रोज सकाळी ठरवायचे आणि रोज रात्री पुढे ढकलायचे.

त्याऐवजी आम्ही रॅक काढला.

अप्पांनी जन्मभर बसचे स्टिअरिंग बॉक्स उघडले, हा असला पॉवरचा रॅक पहिल्यांदाच बघत होते. पण टाय रॉड तो टाय रॉड. मी नवी कोरी पुलर काढून ठेवली होती. त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. "दोन हातोड्या आण." टाय रॉडचा बॉल जॉइंट निमुळत्या भोकात घट्ट बसलेला असतो. त्या भोकाच्या एका बाजूला एक जड हातोडी टेकवून धरायची, समोरच्या बाजूने दुसरीने एकच सणसणीत ठोका. जॉइंट आपोआप खाली सुटतो, बुटाला ओरखडाही येत नाही. अप्पांनी ठोका मारला तो चुकला. दुसरा मारला तोही चुकला. हात थरथरत होता आणि तो मला दिसतोय हे त्यांना दिसत होतं. मग हातोडी माझ्यापुढे धरून म्हणाले, "घे, तू मार. मी धरतो." माझ्या पहिल्याच ठोक्याला सुटला. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

त्याआधी त्यांनी मला लॉक नटाच्या पुढचे आटे मोजायला लावले आणि आकडा भिंतीवर खडूने लिहिला. स्टिअरिंगच्या दांड्याला आणि पिनियनला पांढऱ्या रंगाची खूण. "खोलताना जो खूण करत नाही, तो जोडताना रडतो," हे त्यांचं डेपोतलं वाक्य. बुटांतून कपभर काळं तेल निघालं. रिंग कापली, सगळं धुतलं, नवं ग्रीस भरलं, तेलाच्या भोकांना बुचं मारली. पंप, पुली आणि पाइप बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवले तर साडेसात किलो भरले. (काटा पुसून ठेवलाय.)

आमचं भांडण दोनदा झालं. ती पिळली जाणारी दांडी आता निरुपयोगी असते आणि तिच्यामुळे चाकात किंचित मऊपणा राहतो, म्हणून काही जण पिनियन वेल्ड करून टाकतात. मी नुसतं म्हणून बघितलं. अप्पा ताडकन उठले. "स्टिअरिंगच्या पार्टाला वेल्डिंग? माझ्या देखत नाही. पार्ट बदलायचा नाहीतर गाडी उभी करायची." संपला विषय. दुसरं भांडण टोवरून. सुतळी ताणून आणि टेपने मोजून आम्ही पुढच्या चाकांचा टो लावत होतो. मला टायर पुढून तीन मिलिमीटर बाहेर हवे होते, गाडी वळणात पटकन शिरते. अप्पांच्या मते टो आत असतो. बाहेर ठेवतो तो वेडा, कारण गाडी हायवेवर भटकते. शेवटी शून्यावर तह झाला. स्प्लिट पिना त्यांनी स्वतः बसवल्या आणि मग दोनदा तपासल्या. माझ्याकडूनही दोनदा तपासून घेतल्या.

मैत्रिणीच्या ऑफिसचं पार्किंग रविवारी ओस असतं, तिने परवानगी काढून दिली. उभ्या गाडीत चाक वळवायला मला दोन्ही हात आणि थोड्या शिव्या लागल्या. पण गाडी जरा चालू लागली की जडपणा गेला आणि रस्ता हातात यायला लागला. खडबडीत डांबर, पांढऱ्या पट्ट्याची किनार, पुढचा टायर सुटायच्या बेतात असतानाचं ते हलकं होणं, सगळं कळत होतं. मी बारा कोन मांडून चार-पाच फेऱ्या मारल्या. अप्पा शेजारी बसून छताच्या दांड्याला धरून होते. मग म्हणाले, "मी बघू?"

नाही कसं म्हणू? तो रॅक निम्मा त्यांचा होता.

त्यांनी अगदी सावकाश चालवली, सायकलच्या वेगाने. हात थरथरत नव्हते! चाक धरलं की थरथर थांबत होती, हे मी शेजारून नीट बघितलं. वळणं सुरेख घेतली. आणि तीन कोन पाडले. तिन्ही डाव्या बाजूचे.

थांबल्यावर हसत म्हणाले, "बघ, एकही नाही."

मला वाटलं थट्टा करतायत. तोंडाकडे बघितलं तर थट्टा नव्हती.

आता बघा, भारतात उजवीकडे बसून चालवणारा माणूस इथल्या गाडीत बसला तर तो उजवीकडे चुकतो. गाडीचं उरलेलं अंग आपल्या उजव्या हाताला आहे याची सवयच नसते. माझेही पहिल्या वर्षी सगळे कोन उजवीकडचेच जायचे. डावी बाजू तर इथे ड्रायव्हरच्या कोपराजवळ. तिथला कोन पडला आणि कळला नाही, हे काही हाताचं काम नव्हतं. मला सोसायटीचं फाटक आठवलं. दादाला विचारलं, सायकल कुठल्या बाजूला होती? डावीकडे. फाटक? तेही डावीकडे.

मी अप्पांना म्हटलं, "तीन पडले." ते उतरले, मागे चालत गेले, आडवे पडलेले कोन एकेक करून उभे केले. परत येऊन शेजारच्या सीटवर बसले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "स्टिअरिंग जड नाही गं. मला ते दिसलेच नाहीत."

ऑगस्टमध्ये परत गेल्यावर दादाने त्यांना पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत आहे, डाव्यात जास्त. यात दुखत नाही, समोरचं वाचता येतं, कडेची नजर मात्र हळूहळू जाते आणि मेंदू ती जागा भरून काढत राहतो, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली परत येत नाही. राहिलेली टिकावी म्हणून रोज थेंब घालायचे. आम्ही सगळे त्यांच्या हातांकडे बघत बसलो होतो. तुमच्याकडे चाळिशीपुढची माणसं असतील तर चष्म्याचा नंबर काढताना डोळ्याचा दाबही बघून घ्या. काचबिंदू घरात असेल तर नक्कीच. मी आणि दादानेही तपासून घेतलं, सध्या ठीक आहे.

गाडीची किल्ली त्यांनी दादाला दिली. आनंदाने नाही. दोन दिवस जेवताना कुणाशी बोलले नाहीत, असं आई म्हणाली. अजून रोज सकाळी खाली जाऊन ८०० सुरू करतात, दहा मिनिटं चालू ठेवतात आणि बंद करून वर येतात. दादा त्यावरून कटकट करतो, मी त्याला गप्प बस म्हणून सांगितलंय.

सीझनच्या उरलेल्या तीन इव्हेंट केल्या. चाक आता कुठेही दगा देत नाही. वेळ साधारण पाऊण सेकंदाने सुधारली, पण त्यातलं नव्या टायरांचं किती आणि रॅकचं किती हे प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. अजून शेवटून पाचवी येते. प्रत्येक इव्हेंटनंतर रात्री अप्पांचा फोन येतो. आधी विचारतात किती कोन पाडलेस, मग बूट कोरडे आहेत का. परवा डावीकडच्या बुटाला बारीक चीर दिसली म्हणून सांगितलं, तर लगेच म्हणाले, आत्ता ऑर्डर कर, बर्फ पडायच्या आत बदल. काल पार्सल आलं. शनिवारी त्यांना व्हिडिओ कॉलवर बसवून ते काम करायचंय.