रकाना नव्हता

सॉफ्टवेअरच्या व्यवसायात गेली दोन दशके 'अजाईल' हा शब्द एखाद्या मंत्रासारखा जपला जातो. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात सतरा जाणकार एकत्र जमले आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा लिहिला. कार्यपद्धती आणि साधने यांपेक्षा माणसे आणि त्यांचा आपसांतील संवाद अधिक मोलाचा, हे त्याचे पहिले सूत्र. व्यवहारात त्याचा अर्थ असा की, सात-आठ माणसांच्या गटाने रोज थोडा वेळ भेटावे, काम लहान टप्प्यांत करावे, चुकले तर लगेच दुरुस्त करावे आणि आपल्या कामाचे निर्णय आपणच घ्यावेत. गट एकच असतो तोवर हे नीट चालते. गट चाळीस झाले की काय होते, ते आम्हांला पक्के ठाऊक आहे. कारण ते बिघडवणाऱ्यांत आम्ही स्वतः होतो.

आम्ही नोकरी करीत होतो त्या कंपनीत आमच्या आठ जणांच्या गटाने या पद्धतीने चांगले काम केले. वरून हुकूम आला: तीन महिन्यांत हेच चाळीस गटांत सुरू करा. आम्ही हुरळलो. सर्वांसाठी एकच तक्ता केला, एकच वेळ ठरवली, पंधरा मिनिटांची एकच सभा आखून दिली. प्रत्येक गट आपल्या कामाचा अंदाज 'पॉइंट'मध्ये मांडतो. तो केवळ त्या गटापुरता असतो, जसा एका घरातला मिठाचा अंदाज दुसऱ्या घरी चालत नाही. आम्ही मात्र चाळीस गटांचे पॉइंट एका कागदावर मांडून वर पाठवू लागलो. दुसऱ्याच महिन्यात आकडे दुप्पट झाले. काम तेवढेच राहिले.

त्याच सुमारास चाचणी विभागातल्या एक अनुभवी बाई सभेत बोलेनाशा झाल्या. पुढे ग्राहकांना चुकीची बिले गेली, तेव्हा कळले की, ही चूक त्यांना तीन आठवडे आधीच दिसली होती. "मग सांगितलं का नाही?" आम्ही विचारले. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता."

त्या शनिवारी आम्ही भिवंडीला घरी गेलो आणि सारी हकिकत अण्णांना सांगितली. अण्णा निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "तुमच्यापेक्षा आमची मोहल्ला कमिटी बरी होती म्हणायची."

या शहराने १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली पाहिल्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांची संख्या सत्तरच्या घरात गेली. हिंदू आणि मुसलमान शेजारी आणि त्या भागातले पोलीस एकत्र बसू लागले. बाबरी मशीद पाडली गेल्यावर १९९२-९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मेली. भिवंडी शांत राहिली. तोवर खोपडे यांची बदली झालेली होती. त्यांच्यानंतर आलेल्या गुलाबराव पोळ यांनीही समित्या जपल्या होत्या. खोपडे यांनी पुढे या अनुभवावर पुस्तकही लिहिले.

"तुमच्या बैठकीत दंगलीवर काय बोलणं व्हायचं?" आम्ही विचारले.

"दंगलीवर?" अण्णा हसले. "अरे, बोलणं गटाराचं. नळाला पाणी का येत नाही, रात्रपाळीच्या मागांचा खडखडाट, दोन भावांचं भांडण. हवालदार समोर बसून ऐकायचा आणि जमेल ते तिथंच मिटवायचा. साहेबांकडे पाठवतो म्हणाला असता, तर दुसऱ्या वेळी कोण गेलं असतं?"

आमची चूक त्या एका वाक्यात उघडी पडली. आम्ही सभा दिली, अधिकार दिला नाही. गटाला निर्णय घेता येत नसेल तर पंधरा मिनिटांची सभा ही उभ्याने दिलेली हजेरी ठरते. दुसरे असे की, खालची माणसे एकमेकांशी बोलावीत म्हणून योजलेली गोष्ट आम्ही वरच्यांना अहवाल मिळावा म्हणून वापरली. दहा माणसांत बोलणाऱ्यांच्या ४५ जोड्या होतात, शंभरांत ४९५०. एवढ्यांचा संवाद एका तक्त्यात मावत नाही. म्हणून तर गट लहान ठेवायचे आणि त्यांच्यावर विश्वास टाकायचा.

अर्थात भिवंडीची गोष्ट इथे संपत नाही. याच धर्तीवर १९९४ पासून मुंबईतही मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. मात्र जुलै २००६ मध्ये भिवंडीतच, कब्रस्तानालगत होऊ घातलेल्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून क्षोभ उसळला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले आणि त्यानंतर जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. जिथे पोलीस आणि रहिवासी एका सतरंजीवर बसत, तिथेच हे घडले. अण्णा त्या वर्षाविषयी फारसे बोलत नाहीत. एवढेच म्हणाले, "कमिटी कागदावर राहते रे. माणसांना पुनःपुन्हा बसावं लागतं."

सोमवारी आम्ही तो एकत्रित तक्ता बंद केला. वरिष्ठांची बोलणीही खाल्ली. चाळीस गट एकदम बदलण्याचा हट्ट सोडून आधी तीन गट घेतले आणि दोष दिसला तर काम थांबवण्याचा अधिकार त्यांच्या हाती दिला. बाकीच्यांनी ते पाहून मागणी केली तर पुढे जायचे, असे ठरवले. वेग मंदावला. वर्षभरात नऊ गटांपर्यंतच पोहोचलो.

त्या बाई मात्र दुसऱ्याच आठवड्यात भर सभेत म्हणाल्या, "हे उद्या जाऊ द्यायचं नाही." आणि ते गेले नाही.