गुणदानाची वही

ज्यानें आयुष्याचीं पहिलीं वीस वर्षें परीक्षा देण्यांत घालविलीं, त्याला पुढें केव्हां तरी परीक्षक होण्याची हौस सुटल्यावांचून राहत नाहीं. आमची ही हौस ज्या वाटेनें बाहेर पडली, ती चारचौघांत सांगण्याजोगी आहे कीं नाहीं याचा आम्हांस अजून संशय आहे. आमच्या टेबलाच्या खणांत एक जाड पुठ्ठ्याची वही आहे. तींत युरोपांतील सुमारें दोनशें वाइनींना आम्हीं विसांपैकीं गुण दिलेले आहेत. हे गुण मागावयास कोणी आलें नव्हतें. आणि ते मिळाल्यामुळें कोणत्याहि द्राक्षमळ्याचें भाग्य उजळल्याचें ऐकिवांत नाहीं.

वाचकांनीं भुंवया चढविण्यापूर्वीं एक खुलासा केला पाहिजे. चाखणें म्हणजे पिणें नव्हे. परीक्षकापुढें पेल्याइतकीच महत्त्वाची वस्तु म्हणजे पिकदाणी. घोट तोंडांत घोळवावा, त्यावरून थोडी हवा आंत ओढावी, आणि मग तो निमूटपणें पिकदाणीच्या स्वाधीन करावा, असा या शास्त्राचा दंडक आहे. आजोबांच्या बैठकींतील पितळी पिकदाणी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस यांत फारसें नवल वाटणार नाहीं.

पण जिभेची पाळी शेवटीं येते. प्रथम पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहावयाचा. तांबडी वाइन जसजशी जुनी होते, तसतशी तिच्या कडेची जांभळी झांक जाऊन तेथें विटकरी छटा येते. मग पेला फिरवून वास घ्यावयाचा. बूच बिघडलेलें असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास येथेंच चुगली करतो. जिभेवर आंबटपणानें पाणी सुटतें, तर सालींतून व बियांतून उतरलेल्या तुरटपणानें हिरड्या आवळून येतात. इटलींतील पीमाँत प्रांतांत नेब्बिओलो नांवाच्या द्राक्षाची वाइन होते. तिचा फिकट रंग पाहून तिला सौम्य समजणारा पहिल्याच घोटाला फसतो. जर्मनींत मोझेल नदीच्या कांठीं, पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारांवर रीसलिंग द्राक्ष पिकतें. त्याच्या कित्येक वाइनींत मद्यार्क शेंकडा आठ भागच असतो, पण आंबट आणि गोड यांचा तोल असा कीं जीभ कोणाच्या बाजूनें निकाल द्यावा या विचारांत पडते. हीच वाइन बरींच वर्षें बाटलींत राहिली म्हणजे तिला चक्क घासलेटाचा वास येऊं लागतो, आणि जाणते लोक त्याला दोष न मानतां माफक प्रमाणांत गुणच मानतात!

आरंभीं आम्ही इंग्रजी पुस्तकांतील शब्द वहींत उतरवून घेत असूं. ब्लॅककरंट आणि गूझबेरी हीं फळें लहानपणीं आमच्या दृष्टीसहि पडलीं नव्हतीं. तरी प्रत्येक पेल्यांत तीं आम्हांला न चुकतां सांपडत. पुढें लाज वाटून आम्हीं जांभूळ, कोकम, वाळा, पहिल्या पावसानें भिजलेली माती असे आपले शब्द लिहूं लागलों. वही खरी बोलूं लागली असें आम्हांला वाटलें. तेवढ्यांत ती गोष्ट घडली.

आम्ही परदेशीं असतांना एका स्नेह्यानें आठ बाटल्या कागदी पिशव्यांत झांकून आमच्यापुढें मांडल्या. आम्हीं तिसऱ्या पेल्यास १७ गुण दिले व सहाव्यास १२, आणि सहाव्यापुढें ‘उथळ’ असा शेरा मारला. पिशव्या निघाल्या. तिसरी वाइन दक्षिण फ्रान्समधील लांगदोकची, कोणत्याहि वाण्याकडे मिळणारी; आणि सहावी बोर्दो प्रांतांतील एका नामांकित मळ्याची! स्नेही कांहीं बोलला नाहीं. आम्हींहि हंसून वेळ मारून नेली. पण त्या रात्रीं घरीं आल्यावर आम्हीं १२ वर रेघ ओढून १६ लिहिले, १७ चे १४ केले, आणि ‘उथळ’ खोडून ‘संयमी’ असा शब्द घातला.

मुलगा कोणाचा हें कळल्यावर उत्तरपत्रिकेंतील गुण वाढविणाऱ्या मास्तरांना आम्हीं लहानपणीं मनांतल्या मनांत काय काय म्हटलें होतें, तें येथें लिहिण्यासारखें नाहीं. त्या रात्रीं आम्हीं तेंच केलें. आणि तें कोणाच्या भीडेनें नव्हे, तर एका कागदी चिठ्ठीच्या भीडेनें!

समर्थन शोधावयास गेलों तेव्हां तें हवें तेवढें मिळालें. बोर्दोची प्रसिद्ध क्रमवारी १८५५ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनासाठीं दलालांनीं ठरविली, ती मुख्यतः मळ्यांचा बाजारभाव पाहून. तिच्या पहिल्या वर्गांत पुढें बढती मिळाली ती एकट्या मूतों रोथशील्ड या मळ्याला, तीहि १९७३ सालीं. १९७६ च्या मे महिन्यांत पॅरिस येथें स्टीव्हन स्परियर यांनीं फ्रेंच परीक्षकांना फ्रेंच व कॅलिफोर्नियाच्या वाइनी झांकून चाखावयास दिल्या. तांबड्या आणि पांढऱ्या दोन्ही वर्गांत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. आणि निकाल ऐकून एका परीक्षक बाईंनीं आपली गुणपत्रिका परत मागितली, असें सांगतात. ती त्यांना मिळाली नाहीं. आमची वही मात्र आमच्याच खणांत होती. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील एका प्रयोगांत पांढरी वाइन गंधहीन रंगानें तांबडी करून ५४ जणांपुढें ठेवण्यांत आली, आणि त्यांनीं तिचें वर्णन तांबड्या वाइनीला शोभणाऱ्या शब्दांत केलें. रॉबर्ट हॉजसन यांनीं कॅलिफोर्नियांतील एका स्पर्धेंत एकाच बाटलींतील वाइन परीक्षकांना न सांगतां तीनदां दिली. आपल्या निकालाशीं बऱ्यापैकीं सुसंगत राहिलेला परीक्षक दहांत सुमारें एकच निघाला.

हें सर्व वाचून आम्हांला सोबत मिळाली, पण सुटका मिळाली नाहीं. त्या मंडळींची जीभ चुकली होती. आमची जीभ चुकली कीं नाहीं कोण जाणे. आम्ही तिची साक्ष फिरविली होती.

आतां आम्ही गुण शाईनें लिहितों, आणि चिठ्ठी वाचण्यापूर्वीं लिहितों. तें पान फाडून टाकावें असें अनेकदां मनांत आलें, पण तें तसेंच ठेविलें आहे. पुढें त्याच मळ्याची, त्याच सालची वाइन झांकून चाखण्याचा योग एकदां आला. आम्हीं तिला १४ गुण दिले. बारा खरे कीं चौदा खरे, हें आम्हांला आजहि सांगतां येणार नाहीं. सोळा मात्र खोटे होते, एवढें आम्ही खात्रीनें सांगूं.